मिठातली मुळं

उन्हं चढली की खालचं खाचर पांढरं व्हायचं. पहाटे ते करडं असायचं, ओल्या घोंगडीसारखं. मग हवा तापत जायची तसं मीठ वर यायचं. आधी ढेकळांच्या कडांवर, मग भेगांच्या ओठांवर, आणि दुपारपर्यंत सगळ्या तुकड्यावर कुणीतरी पीठ चाळून गेल्यासारखं पसरायचं. त्यावरून झळा उठायच्या. पलीकडच्या बांधावरून जाणारी माणसं त्या झळांत गुडघ्यांपाशी तुटायची आणि पाय नसल्यासारखी तरंगत पुढे सरकायची.

थोरलीला ते बघायची सवय लागली होती. घरची ही थोरली सून. लेक लग्न होऊन लांब गेलेली, घरात नवरा आणि सासू. हातातलं काम टाकून ती बांधाशी उभी राहायची आणि तिला वाटायचं, शेताला झोप लागलीय आणि ते झोपेतच पांढरं पडलंय. हाक मारावी, तर कोणत्या नावाने?

खाडीच्या मोठ्या बांधात एक दगडी मोरी होती, तिला जाड फळ्यांचं दार. ओहोटीला दार उघडायचं, शेतातलं पाणी जाऊ द्यायचं. भरती लागली की मिटायचं. त्या दाराला सगळे उघाडी म्हणत आणि ते सांभाळणाऱ्याला उघाडीवाला. ते काम तिच्या नवऱ्याचं, त्याच्या आधी सासऱ्याचं. एका वादळी भरतीत फळी तुटली आणि समुद्र आत आला. खालची सगळी खाचरं कंबरभर खाऱ्या पाण्यात गेली. फळी कुजलीय हे नवऱ्याने आधीच चारचौघांत सांगितलं होतं, पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, आणि नंतर कुणाला ते आठवेना. हळूहळू त्यालाही आठवेनासं झालं. आता तिथे लोखंडी दार बसलं होतं. ते फिरवायचा दांडा धाकट्या दिराच्या घरी खुंटीला असायचा. काम त्याच्याकडे गेलं होतं. थोरलीचा नवरा दिवसभर बांधावर बसून असायचा, पाण्याकडे तोंड करून, अंगावर कोणी ओरडेल म्हणून आधीच खांदे पाडून बसावं तसा.

त्या सकाळी तळीवाला आला. कोळंबीची तळी खोदणारा माणूस. पांढरा शर्ट, पायात घोट्यापर्यंत बूट. खालच्या सगळ्या शेतकऱ्यांशी त्याचं बोलणं झालं होतं. खाऱ्या झालेल्या जमिनी तो भाड्याने घेणार, तळी पाडणार. फक्त तळ्यांना खाडीचं पाणी आणायचं तर चर खणायला हवा, आणि चर जाणार होता सगळ्यांत खालच्या तुकड्यातून. यांच्या.

"उघाडीवाले, तुमच्या एका सहीवर सगळं अडलंय," तळीवाला म्हणाला. ओट्यावर बसायला त्याने रुमाल अंथरला.

"देतो की," नवरा म्हणाला. "काय करायचंय ठेवून."

सासू दाराआड भाजी निवडत होती. तिला दिसायचं कमी, ऐकू सगळं यायचं. ती म्हणाली, "एकदा चर पडला की ती माती पुन्हा गोडी होईल का रे बाबा?"

"आजी, आत्ता कुठे गोडी आहे?" तळीवाला हसला. त्यात खोटं काही नव्हतं म्हणून ते जास्त लागलं.

थोरली पाण्याचा तांब्या ठेवायला बाहेर आली आणि तिची नजर लांब गेली. खालच्या खाचराच्या टोकाला, जिथे काटेरी खारं गवत वाढलं होतं, तिथे कुणीतरी बाई ओणवी होऊन उकरत होती. झळांमुळे ती पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती.

"तुम्ही बसा, मी येते," असं म्हणून थोरली निघालीच.

जवळ गेल्यावर दिसली ती तिशीची बाई, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक चप्पल चिखलात रुतून तुटलेली. गवत मुळासकट उपटून, मुळांना चिकटलेल्या मातीसकट ती थंड डब्यात ठेवत होती.

"हे काय चोरताय?" थोरलीने विचारलं.

"गवत," बाई दचकून म्हणाली. मग तिचं तिलाच हसू आलं. "खरं म्हणजे गवतही नको. मुळांची माती हवी. इतक्या मिठात बाकी सगळं मेलं आणि हेच कसं हिरवं राहिलं, ते बघायचंय."

"ते उपरं आहे. त्याला काय होतंय."

"नुसतं तेवढंच नाही," ती म्हणाली आणि तिथेच बसली, उन्हात, मिठावर, जणू घरच्या पाटावर. माती तपासणाऱ्या संस्थेत ती काम करायची. पुढे सगळे तिला मातीवाली म्हणू लागले. तिने एक मूळ तळहातावर घेतलं. "याच्याभोवती जंतू राहतात. चांगले जंतू. डोळ्यांना न दिसणारे. मूळ त्यांना खाऊ घालतं, आणि ते मुळाभोवती बुळबुळीत आवरण धरतात, मीठ अडवतात. आणि अजून एक गंमत आहे. रोपाच्या अंगात मीठ शिरायला लागलं ना, की रोप घाबरतं."

"रोप?"

"हो. मिठाने मरायच्या आधी ते भीतीनेच सुकायला लागतं. आतल्या आत एक वायू तयार करतं, पानं गाळतं, मुळं आखडून घेतं. हे जंतू तो वायू ज्यापासून होतो तेच खाऊन टाकतात. म्हणजे असं समजा, रोपाची भीती खातात."

थोरलीने वळून घराकडे पाहिलं. ओट्यावर नवरा बसला होता, खांदे पाडून, सहीच्या कागदाकडे बघत.

"भाताची भीती खातील?" तिने विचारलं.

"तेच करून बघायचंय. पण तुकडा कुणी देत नाही. सगळे म्हणतात, आमचं ठरलंय."

"आमचं ठरायचंय," थोरली म्हणाली.

त्यावरून जे व्हायचं ते झालंच. दुसऱ्या दिवशी खालचे सगळे शेतकरी अंगणात जमले. कुणी बसलं नाही. थोरलीने एक हंगाम मागितला. भात निसवेपर्यंत, लोंब्या आल्या तर बघू, नाहीतर ती स्वतः नवऱ्याचा हात धरून सही करायला लावणार. धाकटी जाऊ पुढे झाली. समुद्र आल्यापासून ती थोरलीशी सरळ बोलत नव्हती, दुसऱ्या कुणाकडे तरी बघून बोलायची. आत्ताही ती विहिरीच्या रहाटाकडे बघून म्हणाली, "यांच्यापायी एकदा सगळं गाव बुडालं, आता यांच्यापायी थांबायचं. का, तर जंतू पाळायचेत."

लोक हसले. एकाने विचारलं, "जंतूंना खायला काय घालणार हो?" दुसरा म्हणाला, "उघाडीवाल्याला घालतील, तो तरी कुठे हलतोय!"

नवऱ्याने मान वर केली नाही. थोरलीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, पण तिने जीभ आवरली. तळीवाल्यालाच घाई नव्हती. त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "असू द्या. पावसाळ्यात कुठे खोदणार आहे मी? एक हंगाम घ्या. ताईंचं समाधान होऊ दे." त्याच्या त्या मोठेपणाने ती अधिक जळली.

मातीवालीने पुढे बरण्या आणल्या. त्यांत ताकासारखं गढूळ पाणी होतं. त्याच गवताच्या मुळांवरचे जंतू, वेगळे काढून वाढवलेले. परसात सावलीला एक निळं पिंप ठेवलं, त्यात उसाच्या मळीचं पाणी केलं, त्यात बरण्या ओतल्या आणि तोंडाला फडकं बांधलं. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. पहिल्या दिवशी नुसता मळीचा वास होता. मग पाण्यावर बारीक फेस धरला आणि वास बदलला. आंबूस, गार, विहिरीच्या तळाशी येतो तसा.

थोरलीला तो वास आवडायला लागला. ढवळून झालं तरी ती पिंपाला कान लावून उभी राहायची. आत फेस फुटायचा त्याचा बारीक, न संपणारा आवाज. खूप लांब, डोंगरापलीकडे बाजार भरलाय आणि इथे फक्त त्याची कुजबुज पोचतेय, असा.

"काय म्हणतायत?" सासूने खाटेवरून विचारलं.

"मोजायला गेलं तर येड लागेल म्हणतायत."

"मग नको मोजूस," सासू म्हणाली. "माणसं मोजता येतात तेवढी आपल्याला पुरे झालीत."

लावणीचे दिवस आले. वरच्या शेतांवर बायका रांगेने वाकल्या होत्या, त्यांचे आवाज वाऱ्यावर यायचे. दरवर्षी एकमेकींकडे हातभार लावायला जायची रीत होती, पण थोरलीकडे कुणी आलं नाही. तिनेही बोलावलं नाही. वरच्या कोपऱ्यातल्या गोड्या जमिनीवर तिने रोपं वाढवली होती. सासू ओट्यावर पाय पसरून बसायची आणि बोटांनी चाचपत रोपांच्या जुड्या बांधायची. थोरली पिंपातलं पाणी बारीक मातीत कालवून पातळ राबडी करायची, जुडीची मुळं तिच्यात बुडवायची आणि तशीच ठेवायची. पांढरी मुळं काळी होऊन वर यायची, निथळायची, आणि तिला ती आंघोळ घातलेल्या तान्ह्या पोरासारखी वाटायची. बुळबुळीत, हातातून निसटणारी.

खाचराच्या मधोमध मातीवालीने बुटका बांध घालायला लावला. एका बाजूला बुडवलेली रोपं, दुसऱ्या बाजूला साधी. "नाहीतर कळणार कसं?" ती म्हणाली. ती स्वतः लावायला उतरली आणि तिच्या ओळी अशा वाकड्या गेल्या की थोरलीला हसू आवरेना.

"तुमच्या आईने तुम्हाला पाण्यात उतरू दिलं नाही वाटतं कधी."

"आई शिंपीण होती. सरळ रेषा घरात खूप झाल्या," मातीवाली म्हणाली आणि पाठ सरळ करताना चिखलात धपकन बसली.

चिखलात मीठ होतं. नखांच्या कडा चरचरायच्या, पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून फाटायची. घरी आल्यावर थोरली पाय कोमट पाण्यात सोडून बसायची आणि तिथेच डुलक्या घ्यायची. त्या डुलक्यांत तिला नेहमी जमिनीच्या खालची बाजू दिसायची. तिथे उजेड होता, दुधाळ, आणि भाताची मुळं छतातून खाली लोंबत होती, पावसाच्या धारा थांबून राहिल्यासारखी. त्यांच्यामधून इवली इवली माणसं फिरत होती. प्रत्येकाच्या हातात टोपली. मुळाजवळ थांबायची, काहीतरी उचलून टोपलीत टाकायची, पुढे जायची. ती त्यांना विचारायची, काय वेचताय? ती मान वर करून हसायची, बोलायची नाहीत. जाग आली की पाणी गार झालेलं असायचं.

नवरा यातल्या कशातही नव्हता. बांधावर बसून बघायचा. एकदा मात्र ती दोन टोपल्या घेऊन अरुंद बांधावरून जाताना घसरली, तेव्हा तो उठला, चार पावलं आला, आणि ती सावरली तसा परत जाऊन बसला. त्या चार पावलांचं काय करावं तिला कळेना. तिने कुणाला सांगितलं नाही.

पाऊस चांगला लागला तोवर दोन्ही बाजू हिरव्या होत्या. मधला बांध उगाच घातला असं वाटावं इतक्या सारख्या. मग पावसाने पाठ फिरवली. आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं, वारा खाडीकडून येऊ लागला, खाचरातलं पाणी आटलं, आणि एका सकाळी चिखलावर पांढरी किनार दिसली.

साधी बाजू आधी गेली. पानांची टोकं जळली, मग पानं सुतळीसारखी वळली, मग ओळीच्या ओळी वाळल्या गवताच्या रंगाच्या होऊन आडव्या पडू लागल्या. इकडची बाजू उभी होती. पण तिचाही हिरवा रंग उडत चालला होता, उन्हात वाळत घातलेल्या लुगड्याचा उडतो तसा. मातीवाली गुडघ्यांवर बसून मुळं बघत राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मुळं जिवंत आहेत. जंतूही असणार. पण मीठ फार वर आलंय. त्यांनी तरी किती अडवायचं? वरच्या पाटाचं गोडं पाणी आत घेऊन, मीठ विरघळवून, ते ओहोटीला बाहेर काढलं तर. पुन्हा पुन्हा करावं लागेल."

"धुऊन नाही जाणार ते?"

"मुळांना धरून असतात. राहतील." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "राहतील असं मला वाटतं. खात्री नाही देता येत."

पाटाचं पाणी सुटत होतं, ते आत घेऊन खाचरात उभं केलं. बाहेर काढायचं म्हणजे उघाडी उघडायला हवी, आणि दांडा दिराच्या घरी.

थोरली गेली. धाकटी अंगणात धान्य पाखडत होती. सुपाचा ठेका तिने थांबवला नाही.

"दांडा हवा होता. ओहोटी आहे तोवर. पाणी काढलं की आणून देते."

धाकटी कोंबड्यांकडे बघून म्हणाली, "कुणाकडे द्यायचा? त्यांच्याकडे? एकदा दिली होती ना उघाडी सगळ्यांनी विश्वासाने."

"भावजींना येऊन उघडू दे मग."

"ते बाजारात गेलेत. येतील संध्याकाळी." संध्याकाळपर्यंत भरती लागणार हे दोघींनाही ठाऊक होतं. सूप वाजत राहिलं. कोंडा उडून थोरलीच्या पदरावर बसला. ती पदर न झटकताच परत फिरली.

घरी नवरा ओट्यावर होता. ती त्याच्यासमोरून आत गेली. सासूने वासावरून ओळखलं की काय, म्हणाली, "कोंडा घेऊन आलीस. दांडा?"

"नाही."

सासू लेकाच्या दिशेने वळली. तिचे डोळे त्याच्या जरा शेजारी बघत होते. "अरे, तुझी बायको तुझ्यासाठी दारोदार जातेय," ती म्हणाली. "ओरडायचं म्हणून नाही सांगत. तुला माहीत असावं."

तो उठला, चप्पल न घालता, आणि चालू लागला. थोरली काही अंतर ठेवून मागे गेली. वाटेत कुणी काही विचारलं असतं तर तो तिथूनच परतला असता. पण दुपार होती, गल्ली रिकामी होती, भिंतींवर ऊन नुसतं उभं होतं. तो झोपेत चालल्यासारखा सरळ धाकट्याच्या अंगणात जाऊन थांबला. दीर घरातच होता. खाटेवर बसून जेवत होता.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. या वेळी कोंबड्याही नव्हत्या बघायला.

"फळी कुजली होती," नवरा म्हणाला. आवाज चिरका आला, खूप दिवस न वापरलेला. "मी सांगितलं होतं. पिंपळाच्या पारावर. तूही होतास. तू बिडी ओढत होतास आणि म्हणालास, दादा, यंदाचं वर्ष काढेल ती."

दिराचा घास हातात राहिला. नवऱ्याला पुढे काही म्हणायचंही नव्हतं. जे इतके दिवस आत अडकलं होतं ते एवढंच होतं, आणि बाहेर आल्यावर ते किती लहान दिसलं याचंच त्याला नवल वाटत असावं.

दीर उठला. हात धुतला. खुंटीवरून दांडा काढला आणि दोन्ही हातांनी भावाला दिला. "मी येतो फिरवायला," तो म्हणाला. "जड जातं ते एकट्याला."

"नको. जमतं मला."

उघाडीपाशी खाडी खाली गेली होती. उघड्या पडलेल्या चिखलावर खेकडे तिरके पळत होते. नवऱ्याने दांडा बसवला, अंग टाकलं, आणि दार कुरकुरत वर सरकलं. आधी नुसती हवा सुटली, मग खाचरातलं पाणी यायला लागलं. तपकिरी, जाडसर, मोरीच्या दगडांवर फेस सोडत. थोरलीने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. नवरा हसला. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली, आणि त्यातून ते हसू असं आलं की तिला पटकन मान फिरवावी लागली.

दिराने दांडा परत मागितला नाही. पाट सोडायचा, पाणी उभं करायचं, ओहोटीला काढायचं. भरतीच्या वेळा रोज पुढे सरकत आणि त्यांच्याबरोबर यांचं खाणं, झोपणं, बोलणं सगळं सरकत गेलं. नवरा उघाडीवर, ती पाटावर. खाचराच्या दोन टोकांना दोघं उभी, मध्ये पाण्याचा आरसा, त्यात ढग. तो हात वर करायचा, ती पाटाच्या तोंडातली माती फावड्याने ओढायची. मातीवालीने अजून बरण्या आणल्या आणि थोरलीने मुळांशी मगाने पाणी घातलं, आजाऱ्याच्या तोंडात चमच्याने घालावं तसं. बोलणं होत नसे. तरी तिला वाटायचं, इतकं आपण लग्नाच्या पहिल्या वर्षीही बोललो नव्हतो.

एका सकाळी ती खाचरात शिरली तर पात्यांच्या बेचक्यांतून काहीतरी फिकट बाहेर डोकावत होतं. तिने पातं बाजूला केलं. लोंबी. आखूड, करंगळीपेक्षा थोडी लांब, अंगावर दव. पलीकडच्या रोपात अजून एक. ती वाकून बघत बघत पुढे गेली आणि खाचर संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून पुटपुटतोय, आणि ते शब्द नव्हते, नुसते आवाज होते, पाळण्याशी करतात तसले.

पीक आलं ते बेताचंच. दाणा बारीक, बऱ्याच लोंब्यांत पोचट. मातीवालीने कापणीच्या दिवशी जमलेल्या सगळ्यांना ते सरळ सांगितलं. "चांगल्या जमिनीच्या निम्मंही नाही. आणि नुसत्या जंतूंनी आलेलं नाही, पाणी काढलं म्हणून आलं. पण पाणी दोन्ही बाजूंना सारखंच मिळालं. ती बाजू बघा आणि ही बघा."

ती बाजू म्हणजे पांढरी जमीन आणि काळे खुंट. ही बाजू म्हणजे वाकलेलं भात. मधे हातभर बांध. लोक त्या बांधावरून पलीकडे गेले, अलीकडे आले. एका म्हाताऱ्याने मूठभर माती उचलली, हुंगली, आणि न टाकता तशीच खिशात घातली.

तळीवालाही आला होता. त्याने बूट सांभाळत एक लोंबी चोळून तोंडात टाकली. "ताई, कष्टाच्या मानाने हे काही नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा त्यात खोटं काही नव्हतं.

"नाहीच," थोरली म्हणाली. "पण सही नाही मिळणार."

"बाकीच्यांचं काय?"

"ते त्यांना विचारा."

त्याने विचारलं. काहीजण त्याच्याबरोबर गेले, खाडीच्या पलीकडच्या अंगाला, जिथे चर दुसरीकडून नेता येत होता. बाकीचे घुटमळले, आज सांगू, उद्या सांगू म्हणाले, आणि सांगितलंच नाही. धाकटी शेवटपर्यंत बांधावर उभी होती. जाताना थोरलीच्या जवळून गेली, थांबली, आणि तिच्या हातातल्या विळ्याकडे बघून म्हणाली, "त्याला धार लावून घ्या. दाणे झडतायत." मग निघून गेली.

पुढच्या हंगामात परसात निळी पिंपं रांगेने उभी राहिली. मातीवालीच्या संस्थेने दिलेली काही, काही लोकांनी स्वतःहून आणून ठेवलेली. लावणीच्या तोंडाला सकाळपासून बायका येऊ लागल्या. कुणाच्या डोक्यावर रोपांच्या टोपल्या, कुणाच्या हातात घमेली. अंगण चिखलाने भरलं. राबडी कालवायची, मुळं बुडवायची, निथळायला ठेवायची, पुढची जुडी. आधी दोघी-तिघींनी नाकाला पदर लावला, मग जिला तिला त्या वासाचा विसर पडला.

"माझी बुडवली का गं दोन्ही टोपल्या?"

"बुडवल्या की! आता तुलाच बुडवायची राहिलीय."

"हिला बुडवा, हिची सासू घाबरवते हिला."

हशा उठला. थोरली पिंपाशी उकिडवी बसली होती. पहाटेपासून तिने हात थांबवले नव्हते. कोपरापर्यंत काळा चिखल, त्यात नवऱ्याने उघाडीवरून पाठवलेला निरोप, पाणी चढतंय, आवरतं घ्या. कुणी आणला, काय उत्तर दिलं, तिला नीट आठवेना. ऊन पिंपाच्या काठावर आलं. बायकांचे आवाज जवळ यायचे, लांब जायचे, पुन्हा जवळ यायचे. तिने कुडाला पाठ टेकली, फक्त घटकाभर म्हणून. हातातली जुडी मांडीवर आली. मुळांतून पाणी गळत राहिलं, गार, तिच्या पायावरून, बोटांमधून. आवाज पाण्याखालून आल्यासारखे मऊ झाले आणि कोण काय म्हणतंय ते कळायचं थांबलं.

"अगं, थोरली झोपली," कुणीतरी म्हणालं.

"उठव, उठव, माझी जुडी आहे तिच्या हातात."

"कुणी उठवायचं नाही," धाकटी म्हणाली. ती आत्ताच टोपली घेऊन आत आली होती. तिने टोपली खाली ठेवली, साडीचा काठ वर खोचला आणि थोरलीच्या समोर येऊन बसली. एवढ्या दिवसांनी ती सरळ तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते तोंड झोपेत किंचित उघडं होतं. तिने थोरलीच्या मांडीवरची जुडी हळूच सोडवून घेतली, राबडीत बुडवली, वर काढली, निथळू दिली.

"आण गं तुझ्या," ती मागे न बघता म्हणाली. "आणि आवाज जरा कमी करा. झोपू द्या तिला."